पहिल्या 'नाही'चं गाव

हॉगडालमध्ये कुणाच्या घरी गेलात आणि घरच्या बाईने "कॉफी घेणार?" म्हणून विचारलं, तर "नको" म्हणायचं असतं. तिने पुन्हा विचारलं, की म्हणायचं, "उगाच कशाला तुला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, अर्धा कप दे," असं म्हणून तीन कप प्यायचे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा, आणि एकदाच विचारून गप्प बसणारा माणूस चिकट. ही रीत इथल्या लोकांच्या पणजोबांनी नॉर्वेहून येताना बोटीत घालून आणली. पुढे भाषा मेली, लोकरीचे कोट कसरीने खाल्ले, चर्चमधली जुनी गाणी विसरली, पण ही रीत काही गेली नाही. अमेरिकेतल्या साऊथ डकोटाच्या त्या सपाट माळावर वारं सगळं उडवून नेतं, हिला मात्र त्याने हात लावला नाही.

आर्दिस क्वामेचं तर लग्नही या रीतीनेच जमलं. मर्लने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "छे, काहीतरीच काय." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्याहून बरी कुणी बघ." तिसऱ्यांदा त्याने जत्रेत, हातात कालवडीची दोरी धरून विचारलं, आणि ती हो म्हणाली. मर्ल जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. त्या दोन नकारांत आपण केवढा जुगार खेळलो, हे आर्दिसच्या कधी मनातही आलं नाही. मर्ल इथलाच होता, आणि इथल्या माणसाला पहिल्या नाहीचा अर्थ पाळण्यात असल्यापासून कळतो.

गाव म्हणजे एक रस्ता आणि त्याच्या टोकाला धान्याचं उंच सिमेंटचं कोठार. कोठार आता लांबच्या कुठल्याशा कंपनीचं. सुगीत ट्रक येतात, रिकामे होतात, आणि ड्रायव्हर काचही खाली न करता निघून जातात. शाळा बंद पडली तेव्हा तिच्या खिडक्यांवर फळ्या ठोकणारे हात त्याच शाळेत शिकलेले होते. बँकेच्या इमारतीत ऑर्लिन नावाचा म्हातारा आपले जुने ट्रॅक्टर ठेवतो. पाद्री तीन गावांत मिळून एक, त्यामुळे देव हॉगडालला तीन आठवड्यांतून एकदा येतो आणि तोही पुढच्या गावी जेवायला पोचायच्या घाईत असतो. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या एकशे बारा लिहिलेली आहे. पाटी खोटं बोलते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती बदलायला शिडीवर चढेल असं कुणी उरलेलं नाही. गावातल्या सगळ्यात तरुण गृहस्थाचे दोन्ही गुडघे बदलून झालेत. दुपारी बाराचा भोंगा मात्र न चुकता वाजतो, आणि ज्यांना दिवसभर काहीच काम नाही ते सगळे घड्याळाकडे बघून मान डोलावतात.

या सगळ्यात जिवंत असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे आर्दिसचं कॅफे. सकाळी ती यायच्या आत व्हर्लिन स्टेनस्रूड आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून कॉफी चढवायचा. व्हर्लिन गावाचा मेयर, आगीच्या बंबाचा प्रमुख आणि स्मशानातलं गवत कापणारा. मानाची सगळी पदं त्याच्याकडे आली होती, कारण ती घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. मग ऑर्लिन यायचा, आणखी तीन-चार म्हातारे यायचे, आणि चामड्याच्या डब्यात फासे खुळखुळवून आजची कॉफी कुणाच्या डोक्यावर ते ठरायचं. मागच्या भिंतीवर खिळ्यांना कप टांगलेले असत. प्रत्येकावर निळ्या रंगात एकेक नाव. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी लव्हॉन ही नावं रंगवायची. गावात नवीन आलेल्या माणसाने एक हिवाळा काढला, की त्याच्या नावाचा कप भिंतीवर चढायचा. तोवर पाहुण्यांचा पांढरा कप. माणूस मेला तरी कप काढायचा नाही, अशीही एक रीत होती. भिंतीवर आता पिणाऱ्यांपेक्षा न पिणारेच जास्त झाले होते.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. एखादा दोन सकाळी आला नाही, की व्हर्लिन ट्रक काढून त्याच्या घरी जायचा. ऑर्लिनला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो असाच स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडला, म्हणून वाचला. कॅफे नसतं, तर ही माणसं आपापल्या घरात टीव्हीसमोर बसून कधी गेली ते कुणाला कळलंही नसतं.

आणि आर्दिसचा खुबा कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाला, यापुढे दिवसभर उभं राहायचं नाही. डेन्व्हरहून मुलगा कर्ट दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आई, बंद कर आता ते. इथे ये. आमच्या तळघरात तुझ्यासाठी खोली केलीय." खोलीचं वर्णन ऐकून आर्दिसला तळघरात साठवलेल्या बटाट्यांची आठवण यायची. तिने मनाशी ठरवलं होतं. कुणी कॅफे घेतलं, तर आपण रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात राहायचं आणि सकाळी इतरांसारखं टेबलावर बसून कॉफी प्यायची. कुणी घेतलं नाही, तर दाराला कुलूप आणि डेन्व्हरचं तळघर. आता अशा गावात अशी जागा घेणार कोण, हा प्रश्न तिने स्वतःला विचारायचंही सोडून दिलं होतं.

तेवढ्यात मारिसेला आली.

नोव्हेंबरात, पहिलं बर्फ पडल्यावर. तिचा नवरा एफ्राइन गावापासून जवळच्या मोठ्या डेअरीत गाई पिळायच्या कामाला लागला होता. माणसं टेक्सासच्या अगदी खालच्या टोकाची, मेक्सिकोच्या सीमेवरची. एक सात वर्षांची मुलगी यारेली आणि एक रांगतं पोर. स्मशानाकडच्या रिकाम्या घरात बिऱ्हाड केलं. गावात लहान मूल राहायला आलं ही बातमी इतकी मोठी होती, की ऑर्लिन फासे टाकायचे विसरला.

रिवाजाप्रमाणे लव्हॉन भांडंभर किमा-बटाटा भाजून घेऊन गेली. परत आली ती तोंड पाडून.

"काय झालं गं?" आर्दिसने विचारलं.

"काय व्हायचंय! दार उघडलं, भांडं घेतलं, 'आत या' म्हणाली. मी म्हटलं, 'नको, मी काही थांबत नाही.' तर म्हणते, 'बरं, थँक्यू,' आणि दार लावून घेतलं! एकदा म्हणाली, आर्दिस. एकदाच! मी पायरीवर उभी, नाकाचं टोक बधिर होईस्तोवर."

"अगं, थंडी किती. पोराला वारं लागलं असतं."

"म्हणून काय झालं. माणसाने दुसऱ्यांदा तरी म्हणावं."

व्हर्लिन कपात बघत म्हणाला, "टेक्सासमध्ये घाईत असतील लोक."

मारिसेला घाईत नव्हती, एकटी होती. डिसेंबरच्या एका सकाळी ती पोराला कडेवर घेऊन कॅफेत शिरली आणि म्हणाली, "मिस आर्दिस, मी इथे थोडा वेळ बसू का? घरात माझ्याशी बोलायला फक्त वारा आहे." टेक्सासकडे वयस्कर बाईला असं 'मिस' म्हणतात. पंचाहत्तरीच्या विधवेला मिस! ऑर्लिन एवढा हसला, की कॉफी नाकातून आली. आर्दिसला मात्र ते फार आवडलं. तिने पांढरा कप भरून पुढे ठेवला.

नाताळआधी चर्चच्या तळघरात लेफ्सा लाटायचा दिवस होता. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. ती फाटू न देता लाटणं हे इथल्या बायकांचं मोठं भूषण, आणि एकीची दुसरीला पसंत पडत नाही. मारिसेला पोराला घेऊन कोपऱ्यात उभी होती. लव्हॉनची तिसरी पोळी फाटली, तशी ती पुढे झाली, हात धुतले, आणि काही न बोलता लाटणं घेतलं. जन्मभर मक्याच्या आणि गव्हाच्या पोळ्या केलेले हात ते. अशी पोळी लाटली, की खालच्या ओट्याची नक्षी दिसावी. लव्हॉनने पोळी उजेडाला धरली, उलटीसुलटी केली, आणि म्हणाली, "वाईट नाही."

आता हॉगडालमध्ये "वाईट नाही" म्हणजे हत्तीवरून साखर वाटण्यासारखं. पण मारिसेलाला कोण सांगणार? तिने ते जसं ऐकलं तसं घेतलं आणि पुढची पोळी आणखी पातळ लाटायला घेतली.

हिवाळा सरेस्तोवर ती कॅफेत रुळली. आधी भांडी विसळू लागली, मग अंडी करू लागली, मग एक दिवस आर्दिसला खुर्चीत बसवून म्हणाली, "आज तुम्ही हलायचं नाही." शुक्रवारी डुकराच्या मांसाचा लाल रस्सा होऊ लागला. म्हातारे पहिल्या शुक्रवारी म्हणाले, "हे आम्हाला झेपायचं नाही." दुसऱ्या शुक्रवारी कपाळ पुशीत वाटी निपटून काढली. तिसऱ्या शुक्रवारी शेजारच्या गावातून दोन गाड्या आल्या, खास रश्श्यासाठी! व्हर्लिनने त्या गाड्या खिडकीतून इतका वेळ न्याहाळल्या, की जणू गावात सर्कस आली होती. यारेली शाळेच्या बसमधून उतरून कॅफेत गृहपाठ करायची आणि ऑर्लिन तिला गणितं सांगायचा, निम्मी चुकीची.

आर्दिसला पुष्कळ दिवसांनी रात्री झोप लागू लागली. खोटं कशाला सांगू, तिने मनातल्या मनात सगळं लावूनही टाकलं होतं. किल्ली द्यायची, चूल द्यायची, पैशांचं सावकाश बघू. आपण खिडकीजवळच्या टेबलावर बसायचं. मे महिन्यात तिने लव्हॉनला सांगून कपही रंगवून घेतला. मारिसेला, निळ्या अक्षरांत, शेवटी एक छोटं फूल. हिवाळा तर तिने काढलाच होता. पण लव्हॉन म्हणाली, "नुसता काय टांगायचा? कॅफे घेईल त्या दिवशी देऊ. समारंभ होईल." आर्दिसला पटलं. कप फडक्यात गुंडाळून लव्हॉनच्या कपाटात गेला.

आपण होऊन विचारायचं मात्र आर्दिसच्या जिभेवर येईना. आपलं ओझं कुणाच्या गळ्यात घालणं हे इथे चोरीच्या खालोखाल समजतात. विचारायचं ते समोरच्याने.

आणि समोरच्याने विचारलं की हो! जूनमधली दुपार होती. गिऱ्हाईक नव्हतं, पंखा गरगरत होता. मारिसेला फडका पिळून टांगत म्हणाली, "मिस आर्दिस, एक बोलू? मी एफ्राइनशी बोललेय. तुम्ही थकलात. हे कॅफे मला चालवायला द्या. भाडं म्हणा, विकत म्हणा, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही रोज येऊन बसा. मला हे काम आवडतं, आणि मला इथे राहायचंय."

आर्दिसचा जीव सुपाएवढा झाला. डोळ्यांत पाणी येईल म्हणून तिने मान फिरवली. आणि तोंडातून बाहेर पडलं ते हे: "छे गं, तू कुठे या खटल्यात पडतेस. पदरी दोन पोरं. आणि आहे काय या जागेत? नको, नको."

मारिसेलाच्या तोंडावरचा रंग उतरला, पण आर्दिस त्या वेळी साखरेच्या भांड्याकडे बघत होती.

"बरं, मिस आर्दिस," मारिसेला म्हणाली.

संध्याकाळी आर्दिसने ही गोष्ट लव्हॉनला आणि व्हर्लिनला सांगितली. आनंदाने तिचा आवाज चिरकत होता.

"विचारलंन! आपण होऊन!"

"मग तू काय म्हणालीस?" व्हर्लिन.

"मी काय म्हणणार? नको म्हटलं."

"बरोबर," व्हर्लिन म्हणाला. "लगेच हो म्हटलं असतंस, तर वाटलं असतं, म्हातारी टपूनच बसली होती."

"विचारेल पुन्हा," लव्हॉन म्हणाली. "आठवड्याभरात विचारेल. मी कपाचा फडका बदलून ठेवते."

तिघंही शहाणी माणसं. तिघांनीही पावसापाण्याचे रंग, गुराढोरांचे आजार ओळखले होते, वाऱ्याच्या वासावरून गारा ओळखल्या होत्या. आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की त्या पोरीला तिच्या आजीने दुसरंच काही शिकवलं असेल. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. इथे तर ती घरची मालकीणच होती.

आठवडा गेला, महिना गेला. मारिसेला येत होती, पण आता हात पुसून लगेच घरी जायची. शुक्रवारचा रस्सा एकाआड एक शुक्रवारी झाला. आर्दिस खडे टाकून बघायची. "या खुब्याचं काही खरं नाही बघ," ती म्हणायची. मारिसेला म्हणायची, "तुम्ही विश्रांती घ्या, मिस आर्दिस." "या जागेला तरणे पाय हवेत," आर्दिस म्हणायची. मारिसेला म्हणायची, "हो, खरंय," आणि अंडी फेटत राहायची. आर्दिसला वाटायचं, आता विचारेल, आता विचारेल. एकदा तर तिने बाराच्या सुमाराला मुद्दाम चूल विझवून, दोन कप भरून, समोर बसवून घेतलं तिला. दोघी कॉफी प्यायल्या. भोंगा वाजला. मारिसेला उठली आणि पोराला घेऊन गेली. दोघींमध्ये पांढरा कप तसाच राहिला.

"तू का नाही विचारत सरळ?" एकदा ऑर्लिन म्हणाला. झटक्यानंतर त्याच्या जिभेवरचा लगाम जरा सैल झाला होता.

"म्हणजे तिला वाटायचं, मी गळ्यात मारतेय. मग ती भिडेखातर हो म्हणेल आणि जन्मभर कुढेल."

"बरं," ऑर्लिन म्हणाला. हॉगडालमध्ये "बरं" म्हटलं की विषय संपतो.

ऑक्टोबरात मका कापायला आला तेव्हा व्हर्लिन सकाळी आला तो टोपी न काढताच बसला. फाशांचा डबा त्याने जवळही ओढला नाही.

"आर्दिस, त्या घरापुढे ट्रेलर लागलाय. भाड्याचा. एफ्राइन पलंग बाहेर काढतोय."

आर्दिसने चूल बंद केली. चिठ्ठी न लिहिता, दार उघडं टाकून ती आधी लव्हॉनकडे गेली. लव्हॉन दारातच रडायला लागली, कारण तिनेही खिडकीतून ट्रेलर पाहिला होता. आर्दिसने कपाटातून कप घेतला आणि काठी टेकत स्मशानाकडच्या रस्त्याला लागली. वारं समोरून होतं. शेतांतून मक्याची पातं उडून तिच्या अंगाला चिकटत होती. त्या खुब्याने ती तिथवर कशी पोचली ते तिचं तिलाच ठाऊक.

मारिसेलाने दार उघडलं. "मिस आर्दिस! आत या."

आणि आर्दिस क्वामे, जन्मात पहिल्यांदा, पहिल्या शब्दाला आत गेली.

खोलीत खोकी होती. यारेली आपल्या बाहुल्या एका पिशवीत कोंबत होती. बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून आर्दिस एका खोक्यावर बसली.

"कुठे निघालात?"

"वॉटरटाउनला. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय मला. एफ्राइनचा मावसभाऊ आहे तिथे. मी आज संध्याकाळी येणारच होते निरोप घ्यायला."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुम्हाला विचारलं होतं मी. तुम्ही नाही म्हणालात."

"अगं, पण ते पहिलं नाही होतं!" आर्दिस जवळजवळ ओरडलीच.

मारिसेलाने हातातलं खोकं खाली ठेवलं. "पहिलं म्हणजे? तुमच्याकडे किती असतात?"

आर्दिसने सांगितलं. कॉफीचं, लव्हॉनच्या किमा-बटाट्याचं, मर्लचं, कालवडीचं. सांगता सांगता तिला ते सगळं प्रथमच ऐकू आल्यासारखं झालं आणि किती वेडगळ आहे ते कळून ती मध्येच थांबली. मारिसेला हसली नाही.

"माझी आजी म्हणायची, मोठ्या माणसाने नाही म्हटलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही, तो उद्धटपणा. मी त्या दिवशी घरी येऊन रडले, मिस आर्दिस. मला वाटलं, राबायला आम्ही चालतो, पण किल्ली आमच्यासारख्यांच्या हातात द्यायची नाही या लोकांना. तोंडावर बोलवत नाही म्हणून गोड बोलतात. वर्ष व्हायला आलं, मी अजून पांढऱ्या कपात पितेय. मला कळत नाही का, त्या भिंतीवर काय आहे ते?"

आर्दिसने पदराआड धरावा तसा कोटाआड धरलेला कप पुढे केला. मारिसेलाने तो हातात घेतला, फिरवला, अंगठ्याने फूल चाचपलं.

"हा कधी केला?"

"मे महिन्यात."

"मे!" मारिसेला हळूच खोक्याच्या कडेवर टेकली. "मी तर जूनमध्ये विचारलं."

बाहेर एफ्राइन दोरी आवळत होता. यारेलीने विचारलं, "आई, माझं नाव पण आहे का भिंतीवर?"

"घे ते कॅफे," आर्दिस म्हणाली. असं उघडं वाक्य तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. लाजेने तिचे कान तापले. "मी मागते आहे तुझ्याकडे. घे."

"नाही, मिस आर्दिस."

आर्दिसच्या मनात, काय सांगावं, आशेची एक ठिणगी उडाली. पहिलं नाही. ती पुढे वाकली. "भाडं नको, काही नको. किल्ली आत्ता देते. घे."

"नाही. घराचं ठरलं. पोरीचं नाव शाळेत घातलंय तिकडे. मी शब्द दिलाय."

दुसरं. आर्दिसने तिचा हात धरला. पोळ्या लाटून घट्ट झालेला तळहात होता तो. "पोरी, मी तुझ्या पाया पडते. गाव मरेल गं. तू राहा."

मारिसेलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही. "नाही," ती म्हणाली. "आमच्यात एकदाच असतं, मिस आर्दिस. मी मघाशीच सांगितलं होतं."

मग तिने कप वर्तमानपत्रात गुंडाळला, स्वयंपाकघराच्या खोक्यात मधोमध ठेवला, फुटू नये म्हणून भोवती टॉवेल कोंबले. आर्दिसला घरी सोडायला एफ्राइनने ट्रक काढला. ती "नको, चालत जाईन" म्हणाली आणि त्याने बापड्याने गाडी बंद केली. ती चालत आली.

त्या आठवड्यात आर्दिसने कॅफे नेहमीसारखं चालवलं. रविवारी कर्टचा फोन आला तेव्हा तिने काही सांगितलं नाही. रात्रभर कूस बदलत तिने विचार केला. खुबा दुखतोच, पण बसून बसून अंडी करता येतील. शुक्रवारचा रस्सा नाही जमणार, पण कॉफी तर चढवता येईल. लव्हॉन दोन दिवस येईल, व्हर्लिन भांडी विसळेल. म्हातारे 'राहा' म्हणाले, तर हिवाळा निघेल. हिवाळा निघाला, की पुढचं पुढे. त्यांनी म्हणायला मात्र हवं. एवढं ठरवून ती सोमवारी सकाळी टेबलाशी गेली आणि काठीवर भार देऊन उभी राहिली.

"मी म्हणते, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर बंद करावं," ती म्हणाली. "कर्टकडे जावं."

फासे थांबले. ऑर्लिनने कपाकडे पाहिलं. व्हर्लिनने टोपी काढली, पुन्हा घातली.

"अगं, नको बंद करूस," व्हर्लिन म्हणाला.

"छे, झालं आता," ती रीतीप्रमाणे म्हणाली. "किती दिवस ओढायचं? तुम्हालाही कंटाळा आला असेल."

आणि ती थांबली. कॉफीचं भांडं बुडबुडत होतं. खिडकीबाहेर एक ट्रक कोठाराकडे गेला, काच वर करून. व्हर्लिनचे हात टेबलावर पालथे पडले होते, मोठे, चट्ट्याचट्ट्यांचे, त्यांना काही सुचत नसल्यासारखे. त्याने ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिनने भिंतीवरच्या कपांकडे पाहिलं. कुणाच्याही तोंडावर राग नव्हता की दुःख नव्हतं; दिवसभर नांगर धरून बांधावर टेकलेल्या माणसाचं तोंड असतं तशी ती सगळी तोंडं होती. आर्दिस तशीच उभी होती. तिला वाटत होतं, आता म्हणेल.

"बरं," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याने फाशांचा डबा ऑर्लिनकडे सरकवला.